खाकी झाक की गुलाबी झाक: मनीषनगरातील एका हॉलविषयी

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. नागपुरातल्या मनीषनगरातील दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल दिवाळीपूर्वी रंगवायचा आहे. हॉल अकरा बाय सतरा फुटांचा, अकरा फुटी बाजूला पश्चिमेची बाल्कनी, खाली क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, आणि सासरच्या जुन्या घरातून आलेले सागवानी दिवाण व शोकेस तिथेच राहणार आहेत. शेडकार्डातल्या बऱ्याच शेड बाद होऊन आता दोनच उरल्या आहेत. पहिली फिकट बदामी-राखाडी, जिला आपण 'साय' म्हटले आहे. दुसरी किंचित गडद, खाकीकडे झुकणारी राखाडी, जिला 'वाळू' म्हटले आहे. कार्डावर दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात, पण सध्याच्या पीच रंगाच्या भिंतीवर पट्टे मारून पाहिल्यावर पहिली निळसर आणि दुसरी हिरवट दिसू लागली. सासूबाईंना 'साय' आवडते, यजमानांना 'वाळू', आणि पेंटर म्हणतो, "दोन्ही सारखेच तं आहे मॅडम, कोणताही घ्या."

पेंटरचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात अर्धे तथ्य आहे. हे दोन रंग एकमेकांपासून फार दूर नाहीत. रिकाम्या खोलीत, पांढऱ्या फरशीवर, भर दुपारी पाहिले तर कोणता कुठला हे सांगायला मलाही क्षणभर थांबावे लागेल. पण आपली खोली रिकामी नाही आणि फरशी पांढरी नाही. त्यामुळे 'दोघांत चांगला कोणता' याचे उत्तर मला देता येणार नाही. त्या क्रीम फरशीशी आणि त्या सागवानाशी दोघांपैकी कोणाचे जमेल, एवढे मात्र सांगता येईल. गेली २६ वर्षे मी नागपुरात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे करते आहे आणि त्या अनुभवावरून माझा कल 'वाळू'कडे आहे. त्याला काही अटी आहेत, त्या पुढे येतीलच. हॉल मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि आपण पाठवलेल्या फोटोंवर मी विसंबत नाही, कारण पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून फोनचा कॅमेरा सगळ्या चित्राच्या रंगांचा तोल आपल्या मनाने बदलतो, आणि जी छटा पाहायची असते नेमकी तीच त्यात पुसली जाते.

मुळात झाक म्हणजे काय, हे ग्राहकांना समजावताना मी शेडकार्ड बाजूला ठेवते आणि त्यांना स्वयंपाकघरात नेते. थंड, कोरड्या तव्यावर तांदळाची पिठी, ज्वारीचे पीठ, मैदा आणि कणीक यांची एकेक चिमूट ठेवायची, पण एकाच वेळी नव्हे. आधी एक ठेवून पाहायची, पुसायची, मग दुसरी. काळ्या तव्यावर प्रत्येक चिमूट पांढरीच वाटते. नंतर चारही शेजारी शेजारी ठेवायच्या. आता पिठी निळसर दिसते, मैदा सायीसारखा पिवळट, ज्वारीचे पीठ राखाडी, आणि कणीक तर चक्क तांबूस. पिठे तीच, तवा तोच. शेजार मिळाला म्हणून प्रत्येकाची झाक उघडी पडली. भिंतीवर हेच होते. फिकट, दबक्या रंगांच्या बाबतीत ते जास्त होते, कारण लाल किंवा निळ्या रंगाला स्वतःची ठाम ओळख असते, तर या रंगांची ओळख बरीचशी शेजाऱ्यावर ठरते.

ही झाक येते कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. दुकानातल्या टिंटिंग मशीनमध्ये पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्यांचे थोडे थोडे थेंब पडतात. दबक्या शेडमध्ये बहुधा काळा, पिवळा ऑक्साइड आणि लाल ऑक्साइड हेच गडी असतात. पिवळ्यात काळा मिसळला की मिश्रण हिरवट होते; रंगपेटी हाताळलेल्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक असते. त्यात लाल ऑक्साइडचा वाटा वाढवला की हिरवटपणा मरतो आणि गुलाबी-बदामी झाक वर येते. म्हणून दुकानदाराला 'याची झाक कोणती' असे विचारण्यापेक्षा मशीनच्या पडद्यावरचे सूत्र दाखवायला सांगावे. आपल्या वर्णनावरून 'साय'मध्ये लाल ऑक्साइड असणार आणि 'वाळू'मध्ये पिवळा व काळा यांचा जोर असणार, असा माझा कयास आहे; दोन मिनिटांत त्याची खात्री करून घेता येईल.

आता आपण मारलेल्या पट्ट्यांविषयी. त्यांनी आपल्याला घाबरवले आहे, आणि ते विनाकारण. पीच म्हणजे फिकट केलेला नारिंगी. नारिंगीच्या मधोमध करड्या रंगाचा तुकडा ठेवला की डोळा त्या तुकड्यात नारिंगीचा विरोधी रंग, म्हणजे निळसर-हिरवट, आपणहून मिसळतो. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे व भरजरी पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी विणकरांची तक्रार होती. त्याने तपासले तेव्हा काळ्या रंगात खोट निघाली नाही. शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याला फिका दाखवत होते. १८३९ मध्ये त्याने हा नियम सविस्तर मांडला, आणि आपल्या हॉलमधले दोन पट्टे तोच नियम पाळत आहेत. पीच भिंत गेली की निळसरपणाही जाईल आणि बराचसा हिरवटपणाही. तेव्हा त्या पट्ट्यांवरून कोणताही निर्णय घेऊ नये.

त्याऐवजी एवढे करावे. दोन्ही शेडचे सर्वांत लहान डबे घ्यावेत. दोन बाय दोन फुटांचे प्लायचे तुकडे किंवा जाड पुठ्ठे घेऊन त्यांना आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात आणि मग शेडचे दोन हात द्यावेत, तेही रोलरनेच, कारण भिंतीवर रोलरच चालणार आहे आणि ब्रशच्या रेघांनी रंग वेगळा दिसतो. रंग कडेपर्यंत न्यावा. भोवती पांढरी चौकट उरली तर तुकडा आहे त्यापेक्षा गडद भासतो. मग पूर्ण एक दिवस सुकू द्यावा. इमल्शन ओले असताना दुधाळ असते आणि वाळल्यावर एक पायरी गडद होते. संध्याकाळी ओला हात पाहून 'फारच फिकट झाला' म्हणणारे आणि सकाळी 'फारच गडद झाला' म्हणणारे एकच गृहस्थ मी अनेकदा पाहिले आहेत. वाळलेले तुकडे भिंतीला टेकवून उभे करावेत, आडवे ठेवू नयेत, आणि मागच्या पीच भिंतीवर पांढरी चादर सोडावी. एक जोडी फरशीला लागून, एक जोडी शोकेसच्या बाजूला. दोन्ही शेड एकमेकींना चिकटवून मात्र ठेवू नयेत, कारण शेवटी घरात त्यांपैकी एकच राहणार आहे.

या जागी आपण काय पाहाल, याचा माझा अंदाज सांगते, कारण माझा सगळा कल त्यावर उभा आहे.

क्रीम टाइल ही जात मोठी फसवी. दुकानात ती पांढरीच्या जवळची वाटते, पण घरात मोठ्या पटलावर तिचा पिवळेपणा उतरतो. तिच्याशेजारी गुलाबी झाकेची भिंत आली की विरोधाच्या त्याच नियमाने टाइलमधला पिवळा आणखी हिरवट-पिवळा होतो. फरशी जुनाट, मळकट दिसू लागते आणि आपण पुसणाऱ्या बाईला दोष देत बसतो. खाकी झाकेची भिंत पिवळ्याच्याच कुळातली असते. तिच्या सोबतीने टाइल शांत राहते, आपण क्रीम आहोत हे ओरडून सांगत नाही. सागवानाच्या बाबतीत फरक याहून मोठा आहे. पॉलिश केलेले जुने सागवान तांबूस-नारिंगीकडे झुकलेले असते. गुलाबी-बदामी भिंतीसमोर ते ठेवले की दोघांची झाक एकाच दिशेची, पण लाकूड जोरकस आणि भिंत दुबळी. परिणामी भिंत धुऊन विटलेल्या कापडासारखी वाटते आणि लाकूडही उठून दिसत नाही. तेच लाकूड हिरवट-करड्या भिंतीसमोर ठेवले की त्यातला नारिंगी खुलतो. पीच भिंतीवर ज्या नियमाने आपली फसगत केली, तोच इथे आपल्या कामाला येतो. आपल्याकडची सागवानी वस्तू बहुधा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या लाकडाची आणि दोन-तीन पिढ्या वापरलेली असते. तिच्या तोडीचे लाकूड आज घेऊ म्हटले तरी परवडत नाही. खोलीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच असेल तर भिंतीने तिच्या मागे उभे राहावे, असे मला वाटते.

फरशीच्या झाकेकडे दुर्लक्ष केल्याने माझ्या स्वतःच्या घरात काय झाले तेही सांगते. बारा वर्षांपूर्वी आमच्या हॉलसाठी मी दुकानात उभ्या उभ्या एक सुरेख करडी शेड निवडली. दुसऱ्यांच्या घरी तुकडे रंगवून पाहणारी मी, स्वतःच्या घरी मात्र घाईत होते. आमच्याकडे खाली कोटा फरशी, म्हणजे हिरवट. शेडमध्ये काळ्याचा वाटा जास्त, आणि पांढऱ्यात काळा मिसळला की करडा रंग थोडा निळसर होतो. हिरवट फरशीने त्या निळसर करड्यात आणखी लालसर भास मिसळला आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर चारही भिंती जांभळट दिसू लागल्या. सासूबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "भिंतीला नीळ जास्त झाली का गं?" वर्षभर ती नीळ पाहिली आणि मग पुन्हा पेंटरला बोलावले.

आता उजेड. नागपूरच्या उजेडाविषयी बाहेरच्या शहरांत बसून लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. थंड देशांतले लेखक 'उत्तरेची खोली म्हणजे निळसर, उदास उजेड' असे लिहितात; आपण २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, आणि मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. आपला हॉल पश्चिमेचा आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की एकच भिंत वर्षभर तापत नाही. जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेपेक्षा साधारण २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणून संध्याकाळचे ऊन तिरके येऊन आपल्या दक्षिणेच्या लांब भिंतीवर पडते. डिसेंबरमध्ये तो तितकाच दक्षिणेला मावळतो आणि ऊन उत्तरेच्या भिंतीवर जाते. ज्या भिंतीवर ऊन पडते ती त्या तासाभरात कोणत्याही शेडमध्ये सोनेरीच दिसणार, त्यामुळे तिच्यावरून निवड करू नये. पाहायचे ते समोरच्या भिंतीवर आणि छताला फरशीवरून उसळून आलेल्या उजेडात. दुपारी चारनंतर क्रीम टाइलवर पडलेले ऊन पिवळसर होऊन वर जाते आणि भिंतीचा खालचा अर्धा भाग रंगवते. 'साय' त्या उजेडात पुन्हा पीचकडे जाईल, असा माझा दाट संशय आहे. म्हणजे ज्या रंगाला कंटाळून आपण हा सगळा खटाटोप मांडला, तोच रोज संध्याकाळी मागच्या दाराने परत येईल.

इथे माझी पहिली अट येते. बाल्कनीसमोर दाट झाड आहे का, किंवा उन्हाळ्यात आपण तिथे हिरवी नेट बांधता का? धरमपेठेतल्या एका बंगल्यात कडुनिंबाकडे उघडणाऱ्या खोलीसाठी मी अशीच खाकी झाक सुचवली होती. मार्चमध्ये, पानगळीच्या दिवसांत, खोली फार छान दिसली. पावसाळ्यात झाड भरले, पानांतून गाळून आलेला उजेड आत आला आणि भिंतींनी शेवाळ धरल्यासारखे झाले. ती चूक माझी होती, कारण मी खोली एकाच ऋतूत पाहिली होती. हिरव्या नेटचा परिणाम तसाच, किंबहुना अधिक वाईट, कारण इथे फेब्रुवारीअखेर बांधलेली नेट जून संपेपर्यंत उतरत नाही. समोर झाड नसेल आणि नेटचा रंग बदलणे शक्य असेल तर पांढरी किंवा करडी नेट घ्यावी आणि 'वाळू' निश्चित करावी. झाड असेल आणि तेही बाल्कनीला टेकलेले असेल, तर माझा कल उलटा होईल, मग 'साय'च बरी. समोरची इमारत जवळ असेल तर तिच्या रंगाकडेही एकदा पाहावे; वीस फुटांवरची विटकरी भिंत दुपारी आपल्या हॉलमध्ये बरेच काही पाठवत असते.

कार्डाच्या मागे छापलेले आकडेही आपण दिले आहेत, 'साय' ६२ आणि 'वाळू' ५५. तो आकडा म्हणजे रंगावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत येतो त्याचे माप. निव्वळ काळ्याला शून्य आणि निव्वळ पांढऱ्याला शंभर. सातांचा फरक कार्डावर नगण्य वाटतो. पण खोलीत उजेड एकदाच आदळून थांबत नाही. दुसऱ्या भिंतीवरून उसळेपर्यंत 'साय'मध्ये ३८ टक्के उरतो, 'वाळू'मध्ये ३०. तिसऱ्या भिंतीनंतर २४ आणि १७. म्हणजे बाल्कनीजवळ फरक जाणवणार नाही, पण सतरा फूट आत, पूर्वेच्या टोकाला, जिथे बहुधा देवघर किंवा जेवणाचे टेबल असते, तिथे 'वाळू' स्पष्टपणे काळोखी वाटेल. उन्हाळ्यात कूलरने खिडकी अडवलेली असते आणि पडदे ओढलेले असतात, तेव्हा तर अधिकच. छताला स्वच्छ पांढरा द्यावा, ही त्यावरची माझी दुसरी अट. छतालाही भिंतीचीच शेड द्यायची फॅशन मध्यंतरी आली होती. साडेनऊ फुटी छताच्या, एकाच बाजूने उजेड येणाऱ्या हॉलमध्ये ती आणू नये. तरीही तुकडा पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवल्यावर जड वाटला, तर त्याच सूत्राचे प्रमाण निम्म्यावर आणून दुकानदाराकडून एक लिटर बनवून घ्यावा आणि त्याचा वेगळा तुकडा रंगवून पाहावा. कार्डावरची वरची फिकट शेड त्याऐवजी डोळे मिटून घेऊ नये. एकाच पट्टीवरच्या शेडची झाक सारखीच असते असे नाही.

दिव्यांचा प्रश्न छोटा वाटतो, पण हॉलचा खरा वापर रात्री सात ते अकरा असतो. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्व्हिनचे, खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेले एलईडी असतात. त्यांच्या निळसर उजेडात 'साय' फिकुटलेली आणि 'वाळू' रूक्ष दिसेल, सागवानही निस्तेज होईल. उलट टोकाला, ३००० केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्यात 'वाळू' खाकी गणवेशासारखी दिसण्याचा धोका आहे. मी अशा हॉलमध्ये ४००० केल्व्हिनचे दिवे घेते आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेले असेल असे पाहते, कारण हा आकडा दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगतो. साध्या दिव्यांत तो ८०च्या आसपास असतो. आधी दिवे बदलावेत, मग तुकडे पाहावेत. हा क्रम उलटला तर निवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

एवढ्यावरून तुकडे कधी पाहायचे तेही ठरते: सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी ऊन आत आले असताना, आणि नव्या दिव्यांत रात्री. रात्रीच्या मताला मी सर्वांत जास्त वजन देते, सकाळच्या मताला सर्वांत कमी.

सासूबाईंच्या आवडीविषयी एक गोष्ट जरा वेगळी आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि आत कमी उजेड पोचतो. म्हणून वडीलधारी माणसे फिकट रंग मागतात, तो हट्ट नसतो. दुपारभर दिवाणावर बसून पोथी किंवा वर्तमानपत्र वाचणाऱ्या व्यक्तीला ६२ आणि ५५ यांतला फरक आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. त्यातही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ठरली असेल, तर ते लक्षात घ्यावे. पिवळे झालेले भिंग निघून गेले की निळा रंग एकदम ताजा दिसू लागतो. माझ्या एका ग्राहकाच्या आईंनी शस्त्रक्रियेनंतर घरी आल्या आल्या विचारले होते की मी नसताना भिंती कोणी रंगवल्या. दिवाणाच्या डोक्याशी वाचण्यापुरता एक चांगला दिवा दिला तर माझ्या अनुभवात अर्धा विरोध मावळतो. उरलेल्या अर्ध्यासाठी निम्म्या सूत्राची 'वाळू' हा मधला मार्ग आहेच.

'वाळू'चा एक तोटा लपवणार नाही. कूलर लावलेल्या खिडकीखालच्या भिंतीत दरवर्षी ओल मुरते, आणि ती वाळताना पाण्यातला व प्लास्टरमधला खार पांढऱ्या बुरशीसारखा वर येतो. फिकट 'साय'वर तो लपून जातो, 'वाळू'वर डोळ्यांत भरतो. काळ्या मातीवरच्या इमारतींना पावसाळा-उन्हाळ्यात ज्या केसासारख्या चिरा जातात त्यांचेही तसेच. त्या खिडकीखालची पुट्टी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर खरवडून, पूर्ण वाळवून, मगच नवी भरावी. पावसाळा संपल्या संपल्या, भिंत हाताला गार लागत असताना, दिवाळी तोंडावर आली म्हणून रंग चढवू नये. दसऱ्यानंतर सुरू केलेले काम एखादा आठवडा उशिरा संपले तरी चालते, पण ओल्या भिंतीवरच्या रंगाचे पोपडे होळीपर्यंत निघतात.

फिनिशविषयी आपण विचारलेले नाही, पण ते या निवडीला बांधलेले आहे. पश्चिमेचे तिरके ऊन लांब भिंतींना घासून जाते तेव्हा पुट्टीची प्रत्येक लाट दिसते, आणि चकाकणाऱ्या फिनिशमध्ये ती दुप्पट दिसते. शिवाय चकाकीमुळे शेड एका कोनातून फिकट आणि दुसऱ्या कोनातून गडद वाटते. लांब भिंतींना मॅट घ्यावे. लहान मुले असतील तर धुता येणारे मॅट मिळते, ते घ्यावे. पुट्टीची घासाई झाल्यावर रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरावा. त्या तिरक्या उजेडात जे खड्डे दिसतील त्यांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि सकाळी पेंटरला दाखवाव्यात. तो थोडा वैतागेल, पण ते काम करून देईल.

रंग किती लागेल तेही पाहू. छत साडेनऊ फूट धरले तर चार भिंतींचे ५३२ चौरस फूट होतात. दारे, खिडकी आणि बाल्कनीचे मोठे दार वजा जाता सुमारे ४२०. चांगले इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट जाते, म्हणजे साडेतीन लिटरपर्यंत. चार लिटरचा एक डबा आणि एक लिटरचा एक घ्यावा, आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही एकाच स्वच्छ बादलीत ओतून नीट ढवळून घ्यावेत. दबक्या शेडमध्ये रंगद्रव्य इतके थोडे असते की एका डब्यात एखादा थेंब कमी-जास्त पडला तरी झाक सरकते, आणि मग भिंतीच्या मधोमध, जिथे पहिला डबा संपला, तिथे रेघ दिसते.

काम झाल्यावर उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यात, वरपर्यंत भरून ठेवावा. जितकी हवा कमी तितका तो जास्त टिकतो. मूळ डब्याच्या झाकणावर मशीनने छापलेले सूत्राचे लेबल असते. ते डब्याबरोबर अडगळीत जाऊ देऊ नये. सोलून काढून त्यावर तारीख आणि 'हॉल' असे लिहावे आणि इलेक्ट्रिक मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावे. पुढच्या उन्हाळ्यात कूलरच्या खिडकीखाली हात मारायची वेळ येईल, तेव्हा ते कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असेल.